ययातीचा मोह आणि खारघरचे वरदान

खारघरच्या डोंगरपायथ्याशी, सेक्टर २२ मध्ये, टाटा स्मारक केंद्राचे 'अ‍ॅक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन संकुल उभे आहे. सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईची ओळख एरवी रुंद रस्ते, उंच इमारती आणि चकचकीत रेल्वे स्थानके अशी करून दिली जाते. परंतु देशाच्या वैद्यकीय इतिहासात या शहराचे नाव नोंदले जाईल ते या संकुलामुळे. जून २०२१ मध्ये येथील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात भारतातील पहिला 'कार-टी' पेशी उपचार एका रुग्णावर करण्यात आला. पवईच्या आयआयटीतील प्रा. राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आणि टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर यांच्या अनेक वर्षांच्या तपश्चर्येचे ते फळ होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले.

या उपचारात नेमके काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. रक्ताच्या काही प्रकारच्या कर्करोगांत केमोथेरपी निष्प्रभ ठरते किंवा बरा झालेला आजार पुन्हा उलटतो. अशा रुग्णाच्या रक्तातून त्याच्याच संरक्षक 'टी' पेशी वेगळ्या काढल्या जातात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्या पेशींत एक नवे जनुक बसवले जाते. त्या जनुकामुळे कर्करोगाच्या पेशी ओळखण्याची, पूर्वी नसलेली शक्ती त्यांना प्राप्त होते. मग या पेशी वाढवून पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडल्या जातात. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या निष्कर्षांनुसार, इतर उपाय थकलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी या उपचाराला प्रतिसाद दिला. परदेशात याच जातीच्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. भारतीय उपचाराचा खर्च चाळीस लाखांच्या घरात आहे. ही कामगिरी अभिमानास्पद आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

मात्र या अभिमानाच्या क्षणीच एक प्रश्न समाजासमोर येऊन ठेपला आहे. जन्मतः लाभलेल्या शरीराच्या पेशींत मनुष्य आता आपल्या हाताने नवे सामर्थ्य घालू शकतो. आज ते सामर्थ्य मरणाच्या दारातील रुग्णासाठी आहे. उद्या तेच निरोगी माणसाला अधिक बलवान, अधिक उंच, अधिक बुद्धिमान किंवा अधिक दीर्घायुषी करण्यासाठी मागितले गेले तर? आणि ते स्वतःसाठी न मागता पोटच्या मुलासाठी मागितले गेले तर? हे प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचे नाहीत. ते घराघरातले आहेत आणि त्यांची उत्तरे वेळ येण्यापूर्वीच शोधून ठेवावी लागणार आहेत.

कृत्रिम म्हणजे त्याज्य नव्हे

या चर्चेत एक सोपे उत्तर हमखास दिले जाते. निसर्गाने दिले ते योग्य, मनुष्याने त्यात हात घातला की अधर्म. हे उत्तर भारतीय परंपरेला धरून नाही. ऋग्वेदात विश्पलेची कथा येते. युद्धात तिचा पाय तुटला, तेव्हा अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय बसवून दिला आणि ती पुन्हा चालू लागली. या कथेवरून वैदिक काळात आजच्यासारखी शल्यचिकित्सा होती, असा दावा करण्याची गरज नाही. पण तुटलेले अंग कृत्रिम साधनाने भरून काढण्यात आपल्या पूर्वजांना काही अमंगल वाटले नाही, उलट ते देववैद्यांचे पुण्यकर्म वाटले, एवढे तिच्यातून निश्चित कळते.

कल्पनेतील कथा बाजूला ठेवली तरी इतिहासाची साक्ष आहे. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या बैलहाक्याला टिपूच्या सैन्याने पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवून दिले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने तिचे वर्णन चित्रासह छापले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. सुश्रुताने सांगितलेली विद्या मराठी मुलखातील एका अनाम कारागिराच्या हातात शिल्लक होती आणि तेथून ती जगात गेली, ही गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवी.

हाच धागा पुढे जयपूर फूटपर्यंत येतो. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबर व लाकूड वापरून असा पाय घडवला, की जो घालून शेतकरी चिखलात उतरू शकतो आणि मांडी घालून बसूही शकतो. तोच पाय घालून सुधा चंद्रन पुन्हा नाचल्या. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेच्या मार्फत केंद्र सरकारच्या योजनेतून श्रवणयंत्राचे रोपण झालेली बालके आईचा आवाज प्रथमच ऐकतात, तेव्हा कानात बसवलेले ते यंत्र कृत्रिम आहे म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

इतकेच नव्हे, तर निरोगी शरीराला अधिक समर्थ करणेही समाजाने केव्हाच स्वीकारले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस ही आजाऱ्याला दिली जात नाही. ती धडधाकट माणसाला निसर्गाने न दिलेली शक्ती देते. आज लस टोचून घेतलेले प्रत्येक मूल या अर्थाने 'वर्धित' शरीराचेच आहे. तेव्हा नैसर्गिक विरुद्ध कृत्रिम ही रेषा येथे उपयोगाची नाही. दुरुस्ती विरुद्ध वाढ ही रेषाही पुरेशी नाही. रेषा दुसरीकडे आहे आणि ती दाखवण्याचे काम एका जुन्या कथेने फार स्पष्टपणे केले आहे.

पुरूची संमती

ययातीची कथा महाराष्ट्राला वि. स. खांडेकर यांच्या कादंबरीमुळे विशेष परिचित आहे. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीमुळे मराठीला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मुळातील महाभारतकथा थोडक्यात अशी. शुक्राचार्यांच्या शापाने राजा ययातीला अकाली वार्धक्य आले. भोगाची तृष्णा मात्र शमली नव्हती. कोणी स्वेच्छेने आपले तारुण्य दिले तर ते घेता येईल, असा उःशाप मिळाला. ययातीने आपल्या पुत्रांपुढे हात पसरले. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू यांनी नकार दिला. धाकट्या पुरूने होकार दिला आणि ऐन उमेदीत वार्धक्य पत्करले. हजार वर्षे भोग घेतल्यावर ययातीला उमजले की, उपभोगाने वासना शांत होत नाही, उलट वाढते. मग त्याने पुरूचे तारुण्य परत केले.

या कथेचे तात्पर्य सांगताना सहसा वासनेवर बोट ठेवले जाते. ते बरोबरच आहे. पण आजच्या संदर्भात तिच्यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ययातीला मिळालेले तारुण्य आकाशातून पडलेले नव्हते. ते कोणाकडून तरी काढून घेतलेले होते. आणि ज्याच्याकडून घेतले तो पुढची पिढी होता. आपली उणीव भरून काढण्यासाठी वर्तमानाने भविष्याला कामाला लावले.

पुरूने संमती दिली होती, हे खरे. परंतु ती कशी संमती होती? ज्या चौघा भावांनी नकार दिला त्यांना पित्याने शाप दिले. मागणारा पिता होता, राजा होता आणि शाप देण्याचे सामर्थ्य बाळगून होता. अशा परिस्थितीत दिलेला होकार कितपत मोकळा मानायचा? आधुनिक वैद्यकशास्त्रात रुग्णाच्या संमतीला सर्वोच्च स्थान आहे. संमतीपत्रावर सही आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. नाही म्हणण्याची मुभा खरोखर होती का, हे पाहावे लागते. पुरूच्या कथेने हा प्रश्न हजारो वर्षांपूर्वी उभा केला आहे.

या कथेच्या उलट बाजूला दधीची ऋषी आहेत. वृत्राच्या संहारासाठी वज्र हवे होते म्हणून त्यांनी आपल्या अस्थी दिल्या. देहदानाच्या चळवळीने दधीचींचे नाव घेतले ते उगीच नव्हे. ययाती दुसऱ्याचे शरीर स्वतःसाठी मागतो, दधीची स्वतःचे शरीर दुसऱ्यासाठी देतात. शरीरविषयक प्रत्येक नव्या शोधाला या दोघांच्या मध्ये कोठेतरी जागा असते. ती जागा ठरवण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. लाभ कोणाचा? किंमत कोण मोजणार? आणि किंमत मोजणाऱ्याला नाही म्हणता येते का?

खारघरचा उपचार या कसोटीला लख्ख उतरतो. लाभ रुग्णाचा आहे, जोखीम रुग्णाची आहे, संमतीही रुग्णाचीच आहे. बदललेल्या पेशी त्याच्या रक्तापुरत्या राहतात. त्याच्या मुलाबाळांत त्या उतरत नाहीत. याउलट नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे जियानकुई या संशोधकाने जुळ्या मुलींच्या भ्रूणावस्थेतच त्यांची जनुके बदलल्याचे जाहीर केले. एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये, असे कारण त्याने दिले. पण हा संसर्ग टाळण्याचे साधे व सिद्ध उपाय उपलब्ध होते. मुलींना विचारण्याचा प्रश्नच नव्हता, आणि हे बदल त्यांच्या पुढच्या पिढ्यांतही जाऊ शकतात. जगभर टीका झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये चिनी न्यायालयाने त्याला तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. दोन्ही ठिकाणी जनुकांत बदल करण्याचेच शास्त्र होते. एक वरदान ठरले, दुसरे अपराध ठरला.

महाराष्ट्राने एकदा भोगले आहे

'हे सारे चीन-अमेरिकेत, आपल्याकडे असे होणार नाही,' असे समजणाऱ्यांनी महाराष्ट्राच्याच गेल्या पन्नास वर्षांकडे पाहावे. गर्भजल परीक्षा हे तंत्र भारतात १९७० च्या दशकात आले ते गर्भातील जनुकीय दोष शोधण्यासाठी. हेतू निर्मळ होता. परंतु त्याच चाचणीतून मुलगा की मुलगी हेही कळते, हे लक्षात येताच तिचा बाजार झाला. आज पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचे हजारो रुपये वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती १९८० च्या दशकात उघडपणे झळकत होत्या. नंतर सोनोग्राफी यंत्र आले आणि जे महानगरापुरते होते ते तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले.

महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम यासंबंधीचा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला व १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही कक्षेत घेण्यासाठी तो पुढे अधिक कडक करण्यात आला. तरीही राज्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. कायदा होता, यंत्रणा होती, आणि तरी वीस वर्षांत ५२ मुली कमी झाल्या.

यातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, हे अशिक्षित, दरिद्री समाजाचे पाप नव्हते. ज्यांना डॉक्टरची फी परवडत होती, ज्यांच्या घरात पदवीधर होते, देवघरात रोज दिवा लागत होता, त्या मध्यमवर्गीय घरांनीही हे केले. कन्येला लक्ष्मी म्हणणाऱ्या समाजाने तिला जन्मालाच येऊ दिले नाही. केवळ पाश्चात्त्यांच्या भोगवादाला दोष देऊन या आकड्यांतून सुटका होत नाही. संस्कृतीचा अभिमान आणि संस्कृतीचे आचरण यांत किती अंतर पडू शकते, हे या आकड्यांनी दाखवले आहे.

म्हणूनच अपत्याची निवड करण्याच्या नव्या तंत्राकडे महाराष्ट्राने भाबडेपणाने पाहून चालणार नाही. परीक्षानळीतील भ्रूणांच्या जनुकांची चाचणी करून त्यांतून कोणता वाढवायचा, हे ठरवण्याची सोय आता आहे. गंभीर आनुवंशिक आजार टाळण्यासाठी ती उपकारक आहे. अमेरिकेतील काही कंपन्या मात्र उंची आणि बुद्ध्यंक यांचे अंदाजही पालकांना विकू लागल्या आहेत. हे अंदाज शास्त्रीयदृष्ट्या अत्यंत कच्चे आहेत. पण मुलगा व्हावा म्हणून जी माणसे कायदा मोडून आडगावच्या दवाखान्यात गेली, ती बुद्धिमान व गोरे मूल व्हावे म्हणून कोठे जाणार नाहीत? दहावी-बारावीच्या गुणांसाठी आजच मुलांचे बालपण पणाला लावणारी घरे उद्या त्यांची जनुके पणाला लावतील, ही भीती अनाठायी नाही.

साधनेचे मोल

शरीर समर्थ करण्याची आकांक्षा या भूमीला नवी नाही. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली ती बलोपासनेसाठी. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शास्त्रशुद्ध रूप दिले. तालमीतील लाल माती, पहाटेचे जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार यांमागे एक विचार होता. बळ कमवायचे असते आणि ते कमावताना मनुष्याला संयम, नियम व विनय हेही आपोआप मिळतात. बळ आणि विवेक एकाच वाटेने घरात यावेत, अशी ही योजना होती.

आज शहरांतील व्यायामशाळांमध्ये या वाटेला आडवाट फुटली आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी वापरायचे मेफेन्टरमाइन हे इंजेक्शन व्यायामाची क्षमता वाढावी म्हणून तरुणांना विकले जात असल्याच्या आणि पोलिसांनी त्याचे साठे जप्त केल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येतात. हृदयावर ताण आणणारे, व्यसन लावणारे हे औषध वीस-बावीस वर्षांची मुले दंड फुगवण्यासाठी टोचून घेतात. त्याच्या जोडीला उत्तेजक संप्रेरके असतात. शरीरवर्धनाचे भविष्य कसे दिसेल हे पाहण्यासाठी अमेरिकेतील प्रयोगशाळेपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. त्याचे ओबडधोबड रूप कोपऱ्यावरच्या जिममध्ये आहे. रुग्णशय्येवरचे औषध धडधाकट माणसाच्या हौसेसाठी कसे पळवले जाते, याचा हा ताजा नमुना आहे.

या उलट सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील दिव्यांगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक पटकावले. त्या स्पर्धांच्या इतिहासातील भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांच्या शरीरात कोणी काही वाढवले नव्हते. तंत्रज्ञान साधनेला साहाय्यभूत व्हावे, साधनेची जागा घेणारे होऊ नये, हा विवेक अशा चरित्रांतून मिळतो.

सैनिकाच्या शरीराचा प्रश्न

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्याने त्याला सामोरे गेलेच पाहिजे. शत्रूराष्ट्रे आपल्या सैनिकांचे सामर्थ्य औषधांनी, यंत्रांनी किंवा उद्या जनुकीय बदलांनी वाढवणार असतील, तर भारताने नीतीच्या गप्पा मारत हात बांधून बसायचे काय? सियाचीनच्या उंचीवर उभ्या असलेल्या जवानाला थंडी कमी वाजेल, ओझे हलके वाटेल असे काही मिळत असेल तर ते नाकारणे हाच त्याच्यावर अन्याय ठरेल.

या युक्तिवादातील तथ्य मान्य करावे लागेल. सैनिकाचा भार उचलणारा बाह्य सांगाडा विकसित करण्याचे काम डीआरडीओने हाती घेतले आहे आणि ते स्वागतार्ह आहे. असा सांगाडा संध्याकाळी उतरवून ठेवता येतो. पण शरीराच्या आत कायमचा केलेला बदल उतरवून ठेवता येत नाही. निवृत्त होऊन गावी परतलेल्या जवानाला तो जन्मभर सांभाळावा लागेल. शिवाय सैन्यात आज्ञापालन हाच धर्म असतो. वरिष्ठाने विचारल्यावर जवान नाही कसे म्हणणार? येथे पुन्हा पुरू उभा राहतो. फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाच्या नीतिसमितीने डिसेंबर २०२० मध्ये सैनिकांच्या क्षमतावर्धनाच्या संशोधनाला मर्यादित मान्यता दिली. पण सैनिकाची स्वेच्छा आणि त्याचे माणूसपण हिरावणारे बदल त्यातून वगळले. फ्रान्स हे दुबळे राष्ट्र नाही, तरी त्याने ही मर्यादा आखून घेतली. जो देश आपल्या जवानाच्या बलिदानापुढे नतमस्तक होतो, त्याने त्याच्या देहाचाही मान राखला पाहिजे. भारतानेही अशी मर्यादा आखावी आणि ती युद्धाच्या धामधुमीत नव्हे, तर शांततेच्या काळात आखावी.

आधी कायदा, मग बाजार

गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत तंत्र आधी आले, बाजार त्याच्या पाठोपाठ आला आणि कायदा सर्वांत शेवटी आला. तोपर्यंत हजारो घरांतील मुली नाहीशा झाल्या होत्या. या वेळी हा क्रम उलटा करण्याची संधी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुढच्या पिढीत उतरणारे जनुकीय बदल निषिद्ध मानले आहेत. जनुकीय उपचारांविषयीची स्वतंत्र तत्त्वे २०१९ साली प्रसिद्ध झाली. साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने भ्रूणाची जनुकीय चाचणी केवळ आनुवंशिक आजार ओळखण्यापुरती मर्यादित केली आहे. दिशा योग्य आहे. पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे शिक्षेची तरतूद असलेला कायदा नव्हे. भ्रूणाच्या जनुकांत फेरफार करून मूल जन्माला घालणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवणारा कायदा संसदेने करावा. त्यासाठी एखादे प्रकरण महाराष्ट्रातच घडण्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट प्राधान्याची आहे. खारघरमध्ये जो उपचार स्वदेशी बुद्धीने निम्म्याहून कितीतरी कमी खर्चात उभा राहिला, तोही चाळीस लाखांच्या घरात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. या दोन आकड्यांमध्ये जी दरी आहे, तिच्यात किती शेतकरी, रिक्षाचालक आणि शिक्षक कोसळत असतील याची कल्पना करावी. ज्या समाजात रुग्णाला उपचार परवडत नाही, त्या समाजाने निरोगी धनिकाच्या शरीरवर्धनासाठी आपली प्रतिभा आणि पैसा खर्च करणे हे ययातीचेच अनुकरण होय. सरकार, विमा कंपन्या, उद्योगपतींचे न्यास आणि सेवाभावी संस्था यांनी मिळून ही दरी बुजवण्याचे काम आधी हाती घेतले पाहिजे.

तिसरी गोष्ट मात्र कोणत्याही कायद्याने होणारी नाही. मुलगी नको, हे दवाखान्यात ठरत नव्हते. ते घरातील जेवणाच्या वेळी, सासूच्या टोमण्यात आणि नवऱ्याच्या मौनात ठरत होते. मूल कसे असावे, याचा निर्णयही तेथेच होणार आहे. ज्या घरात कमी गुण मिळवणाऱ्या, सावळ्या, ठेंगण्या किंवा दिव्यांग मुलाला 'आहेस तसा तू आमचा' असे म्हटले जाते, त्या घराला भ्रूण निवडून देणाऱ्याच्या दारात जावे लागणार नाही. शाखा, मंडळे, महिलांचे गट, गृहनिर्माण संस्थांचे गणेशोत्सव येथे आजवर व्यसनमुक्तीवर, देहदानावर व्याख्याने झाली. आता या विषयावरही व्हावीत. वक्ता म्हणून एखाद्या कर्करोगतज्ज्ञाला बोलवावे, एखाद्या दिव्यांग मुलाच्या आईलाही बोलवावे आणि दोघांचेही ऐकून घ्यावे.

पनवेल, कर्जत, विदर्भ, बिहार येथून आलेली कुटुंबे आजही खारघरच्या त्या संकुलाबाहेर फाइली हातात घेऊन उभी असतात. आपल्या माणसाला अतिमानव करावे, अशी त्यांची मागणी नाही. तो बरा होऊन घरी यावा, एवढेच त्यांना हवे आहे. जनुकांची ही नवी विद्या प्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.